हातचे तास

माणूस खोटं बोलतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. किती खोटं बोलतो हे मला ठाऊक असतं. फुशारकी मारत नाही, माझा धंदाच तो आहे. मी बांधकामांची वेळापत्रकं करते. कुठलं काम कशानंतर, कोणाला किती वेळ, कोणामुळे कोण अडणार, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरलं की पडद्यावर रंगीत पट्ट्यांची रांग लागते. निळ्या पट्टीला थोडी सवड असते. लाल पट्टीला अजिबात नसते. ती तासभर लांबली की अख्खं काम तासभर लांबतं. या पट्ट्यांवरून साइटवर मला पट्टीताई म्हणतात. माझ्यासमोर नुसतं ताई म्हणतात.

पट्ट्या भरायच्या तर आधी कंत्राटदारांना विचारावं लागतं, किती वेळ लागेल? खरी मेख इथेच आहे. सगळे हातचं राखून सांगतात. वायरमन दहा तास म्हणाला की मी सहा धरते. रंगारी उलटा, बिचारा फार आशावादी. तो दोन म्हणाला की चार. आणि नळवाले काका, म्हणजे माझ्याबरोबर सगळ्यात जास्त कामं केलेले पाइपलाइनचे कंत्राटदार, ते काहीही सांगोत, मी निम्मं करते. हा हिशेब मी कधी कोणाला सांगितला नव्हता. त्याच्या जोरावर माझं एकही काम आजवर तारखेच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मात्र मी येता-जाता सगळ्यांना सांगत असे.

या खेपेचं काम एका रुग्णालयातलं होतं. तिथल्या डायलिसिस विभागाची पाण्याची यंत्रणा बदलायची होती: टाकी, पंप, फिल्टर, सगळे नळ. शुद्ध पाणी नसेल तर ती यंत्रं नुसती शोभेची. विभाग बंद असायचा तो फक्त शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत. तेवढ्यात जुनं काढून नवं चालू करायचं, कारण सोमवारी सकाळी माणसं दारात उभी राहणार. त्या माणसांत माझे सासरे होते.

बाबा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत आले. आता आठवड्यातून तीनदा त्या यंत्राला जोडून घेतात आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला नद्यांची माहिती देतात. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. घरी कोणी विचारलं की ते म्हणतात दोन कप. वजनकाटा म्हणतो चार. मग मी काकांचं निम्मं करते तसं बाबांचं दुप्पट करते आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघते.

त्या बुधवारी दुपारी काका साइट ऑफिसात आले आणि वेळापत्रकाची छापील प्रत त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, हे काय आहे?"

"तुमची पट्टी."

"ती दिसतेय. अर्धी कुणी कापली?"

"मी. नेहमीसारखी. काका, आपण काय आज पहिल्यांदा भेटतोय का?"

मला वाटलं ते हसतील. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"मागच्या कामाच्या शेवटी तुम्ही चारचौघांत काय म्हणालात? काका, मरायच्या आधी एकदा तरी खरा आकडा सांगा. म्हटलं, चला, सांगून टाकू. हा खरा होता. सांधे जोडायला एवढा वेळ लागतोच. मग नळांत जंतू मारायचं औषध भरून ठेवायचं. ते मुरलं की धुऊन काढायचं. मी माणसं वाढवीन हो, पण औषधाला काय घाई करणार?"

"मग मी आकडे विचारले तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो की. आकडा सांगितला. आणखी काय बोलायचं असतं?"

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेच्या आधी रागच आला. एवढी वर्षं थापा मारायच्या आणि एक दिवस न कळवता खरं बोलायला लागायचं, ही कुठली रीत? पण राग गिळला आणि त्यांच्यादेखत त्यांचा आकडा होता तसा भरला. पट्टी लाल झाली, तिच्यामागच्या सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकल्या, आणि पाणी चालू होण्याची वेळ सोमवारी पहाटेवरून थेट सोमवारी संध्याकाळवर गेली. काका पडद्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "बापरे. मी उगाच खरं बोललो."

"उगाच नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. मी सरळ सांगून टाकलं, कोणाचं किती कापते आणि कोणाचं किती वाढवते. मग वायरमन उसळला.

"दहाचे सहा? ताई, मी दहा सांगतो ते तुम्ही कापता म्हणून!"

"आणि मी कापते ते तुम्ही दहा सांगता म्हणून."

"म्हणजे मला दुप्पट मिळत होते?" रंगारी म्हणाला. "आणि मी आजवर जेवणाची सुट्टी न घेता मरमर मरतोय!"

सगळे हसले, वायरमनसुद्धा. हसण्याचा फायदा घेऊन मी माझं म्हणणं मांडलं. प्रत्येकाने खरा आकडा द्यायचा. मी त्यातलं मिनिटही कापणार नाही. आजवर प्रत्येकजण आपापल्या पदरात जे तास लपवत होता ते बाहेर काढायचे आणि शेवटी एकच सामाईक पट्टी ठेवायची, कोणाच्याही नावाची नसलेली. जो अडेल त्याने त्यातून घ्यायचे. कोणीच अडलं नाही तर काम तेवढं लवकर संपेल.

"आणि मी सहा सांगून आठ लागले तर?" वायरमनने विचारलं.

"तर दोन सामाईकातून घ्या. मी बोंब मारणार नाही."

"तुम्ही? बोंब मारणार नाही?" त्याने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "दे रे आकडा. मी देऊन बसलोय, माझी सोबत कर."

आकडे आले. काही माझ्या अंदाजापेक्षा लहान निघाले, ते ऐकून मी मनातल्या मनात गार पडले. तरी सामाईक पट्टी धरून हिशेब एकच सांगत होता: काम शनिवारी रात्री नाही, शनिवारी दुपारी सुरू व्हायला हवं. आणि ते मागायला मला डायलिसिस विभागाच्या मेट्रनकडे जावं लागणार होतं. तारीख पाळणारी मी, हात पसरायला निघाले.

मेट्रनच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फळा होता आणि त्यावर रुग्णांच्या पाळ्यांची रंगीत चुंबकं. मी तो फळा बघितला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बाई कडक, पण हिशेबाच्या पक्क्या. मी सगळं आहे तसं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, दोघांनी एकेकाचे कागद बघितले, आणि चुंबकं हलायला लागली. शनिवार दुपारची माणसं शुक्रवारी दुपारी. शुक्रवार दुपारची शुक्रवारी पहाटे. सोमवार सकाळची सोमवारी दुपारी, म्हणजे मला थोडा श्वास घेता येईल. एका चुंबकावर मेट्रनचं बोट थांबलं.

"हे तुमचे सासरे. शुक्रवार दुपारऐवजी पहाटे आणि सोमवार सकाळऐवजी दुपार. मधलं अंतर फार लांबतं. पाणी सांभाळणाऱ्याला चालेल, पण हे पाण्याचं खरं सांगत नाहीत."

"आता सांगतील."

"कशावरून?"

"मी विचारायची पद्धत बदलणार आहे."

मेट्रनने चुंबक हलवलं, पण मला बजावलं, की पाय सुजले किंवा दम लागला तर त्याच क्षणी कळवायचं.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत जाऊन बसले. ते नकाशाच्या पुस्तकात डोकं घालून होते. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पाणी किती प्यालात ते सांगता ना, त्याचं मी दुप्पट करते."

"माहीत आहे मला. म्हणून तर निम्मं सांगतो."

मी कपाळावर हात मारला. घरातसुद्धा एक वायरमन बसला होता.

"आणि खरं सांगितलं की त्या यंत्रावर जास्त वेळ बसवतात," ते म्हणाले. "वर तुझे ते डोळे."

"डोळे बारीक करणार नाही. तुम्ही सांगाल तोच आकडा मेट्रनला सांगेन. माझ्याकडून एक घोटही वाढवणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले आणि पान उलटलं. खात्री देऊन बसले होते मी, आणि हाती होतं ते एवढंच "बघू."

शनिवारी दुपारी काम सुरू झालं. इतकं शांत काम मी कधी बघितलं नव्हतं. वायरमन जुन्या पॅनेलमध्ये अडकला तेव्हा लपवाछपवी न करता माझ्याकडे आला, "ताई, सामाईकातले दोन घेतो," म्हणाला आणि परत गेला. मी बोंब मारली नाही. जीभ दाताखाली धरली, पण मारली नाही. रविवारी दुपारी सगळे सांधे जोडून झाले होते आणि काका नळांत औषध भरायच्या तयारीत होते.

तेवढ्यात फोन वाजला. बाबाच होते.

"सूनबाई, काल रात्री तहान आवरली नाही. ठरल्यापेक्षा चार कप जास्त झाले. आज पाय सुजलेत, आणि जिना चढताना दम लागला."

चार म्हणजे आठ, असं डोकं सवयीने म्हणालंच. पण बाबांनी आपणहून फोन केला होता. मी मेट्रनला सांगितलं: चार कप, पायांना सूज, जिन्यावर दम. मेट्रन म्हणाल्या, लगेच घेऊन या. नवऱ्याने त्यांना आणलं, डॉक्टरांनी तपासलं, नाकाला प्राणवायू लावला आणि मला बाहेर बोलावलं.

"आत्ता घाबरण्यासारखं नाही. पण उद्या दुपारपर्यंत थांबता येणार नाही. तुमचं पाणी कधी सुरू होईल? पहाटे असेल तर इथेच नजरेखाली ठेवतो. आठ-नऊ वाजणार असतील तर आत्ताच दुसऱ्या रुग्णालयात हलवतो. लांबचा रस्ता आहे, या अवस्थेत तो टाळलेला बरा."

मी धावत पंपाच्या खोलीत गेले. काका गुडघ्यांवर बसून सांधे बघत होते. मी का विचारतेय ते आधी सांगितलं, मग विचारलं, "खरं सांगा, किती वाजता?"

त्यांनी हात पुसले. बोटांवर मोजलं, वायरमनला हाक मारून पंपाचं विचारलं, पुन्हा मोजलं.

"सामाईकातलं आता कोणी काही खाल्लं नाही, तर पाच."

"आमच्याकडून मिनिट जाणार नाही, ताई," वायरमन म्हणाला.

"शपथा नकोत. किती लागेल?"

"एक तास. तो काकांनी धरलाय."

जिना चढताना माझ्या डोक्यात दोन आवाज भांडत होते. एक म्हणत होता, पाच म्हणजे तीन, काकांना ओळखतेस ना. दुसरा त्याहून वाईट होता. तो म्हणत होता, आठ सांग, तुझा माणूस आहे, थोडं हातचं राख. आठ सांगितलं असतं तर बाबा त्या अवस्थेत रस्त्याला लागले असते. भीती वाटत होती. तरी डॉक्टरांसमोर उभी राहिले तेव्हा आवाज नेहमीचा होता.

"पहाटे पाच."

"अंदाज?"

"नाही. पाच."

डॉक्टरांनी मेट्रनकडे बघितलं. मेट्रन फळ्याजवळ गेल्या आणि एक चुंबक त्यांनी दुपारवरून पहाटेवर आणलं.

पहाटे औषध धुऊन झालं. लॅबच्या बाईंनी प्रत्येक नळाचा नमुना घेऊन तपासला, औषधाचा अंश कुठेच नव्हता. काकांनी झडप उघडली, नव्या नळांतून पाणी यंत्रांपर्यंत गेलं, आणि पाचाला काही मिनिटं कमी असताना मेट्रनने मान डोलावली. वायरमन भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. मी काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

बाबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. काट्यावर उभं करण्याआधी नर्सने नेहमीसारखं विचारलं, "आजोबा, जास्त किती झालं?"

"चार कप."

नर्सने काटा बघितला. वाकून पुन्हा बघितला. "चारच आहेत हो," ती म्हणाली आणि आमच्याकडे बघून हसली.

यंत्र सुरू झालं. बाबांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास सावकाश व्हायला लागला तेव्हा म्हणाले, "आज जास्त वेळ बसवणार ना मला?"

"हो. तासभर तरी."

"बसवा. आणि तू घरी जाऊन झोप."

मी शेजारची रिकामी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि तिच्यात बसले.

"इथेच आहे मी, बाबा. नद्यांचं सांगा काहीतरी."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "सगळ्या सांगू, की निम्म्या?"

"सगळ्या," मी म्हणाले.