शेऱ्याच्या रकान्यातले आठ आकडे

मी संगणकातली एक जुनी सिस्टीम आहे, मित्रांनो, आणि आज माझे डोके तापले आहे. पंखा बिघडला असेल, असे तुम्ही म्हणाल. पंखा उत्तम आहे. मला राग आला आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडारात मी सोळा वर्षे काम करते आहे. मला लिहिणारी बाई आधी तीन महिने तिथे खोक्यावर बसून होती. कोणते इंजेक्शन थंड कपाटात ठेवतात, सिस्टर घाईत असल्या की कोणती चिठ्ठी आधी काढतात, हे तिने विचारून विचारून माझ्यात घातले. भांडार सांभाळणाऱ्या ताई वैतागून म्हणत, "अगं, लग्न ठरवताना सासूबाईंनीसुद्धा मला एवढं विचारलं नव्हतं!" पण म्हणूनच मी नीट घडले. मुदत संपत आलेले औषध मी महिनाभर आधी सांगत असे. कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचचे औषध गेले, ते लगेच दाखवत असे. पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना मुद्दाम माझ्यासमोर उभे करत.

मग बाहेर एक नियम बदलला. औषधांचा बॅच नंबर बारा आकडी होता, तो वीस आकडी झाला. नियम चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा रकाना बाराचाच! तो रुंद करणे हे जाणत्या माणसाचे दोन दिवसांचे काम. ताईंनी माझ्या कंपनीला फोन केला, तर ती एका बड्या कंपनीने विकत घेतलेली. मला लिहिणारी बाई नोकरी सोडून गेलेली. उत्तर आले, "या सिस्टीमची सेवा बंद झाली आहे. नवीन घ्या." मी काय घोडे मारले होते हो यांचे? माझी एक तरी नोंद चुकली होती का?

ताई उरलेले आठ आकडे माझ्या 'शेरा' या रकान्यात लिहू लागल्या. "आता एवढ्यावर भागव बाई," असे मला म्हणाल्या. आम्ही चार वर्षे भागवले. दर सहा महिन्यांनी त्यांनी साहेबांकडे अर्ज दिला. साहेबांनी तो कधी उघडला नाही.

गेल्या महिन्यात ताई लेकीच्या बाळंतपणासाठी नऊ दिवस रजेवर गेल्या. त्यांच्या जागी नोंदणी खिडकीवरचे एक कारकून आले. जाताना ताईंनी बजावले, "शेरा न चुकता भरा हं." कारकुनांनी न चुकता भरला. नऊ दिवस, प्रत्येक नोंदीसमोर, 'काही नाही'.

या सोमवारी औषध बनवणाऱ्यांचे पत्र आले. एका इंजेक्शनची एक बॅच सदोष निघाली होती. ते घेतलेल्या माणसाची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होऊ शकतात, ताबडतोब तपासा, असे त्यात होते. ते इंजेक्शन त्याच नऊ दिवसांत आले आणि संपले होते. सदोष आणि चांगल्या बॅचचे पहिले बारा आकडे सारखेच होते, फरक शेवटच्या आठांत होता.

"'काही नाही' म्हणजे काय?" साहेब भांडारात येऊन ओरडले.

"साहेब, शेरा मारण्यासारखं काही नव्हतंच," कारकून रडकुंडीला आले. "सगळी औषधं वेळेवर गेली होती."

"सिस्टीमच भंगार आहे!"

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

"भंगार म्हणू नका," ताई म्हणाल्या. "त्या दिवसांत हे इंजेक्शन कुणाकुणाला दिलं, ते ही आत्ता सांगेल. बॅच कळत नसेल तर सगळ्यांनाच बोलवू."

मी सतरा नावे दिली. सोळा जण आले. चौघांच्या रक्तात दोष सापडला आणि त्यांचे उपचार सुरू झाले. सतरावा माणूस बसचालक आहे, वय एक्केचाळीस, पायाच्या जखमेसाठी आला होता. तो कुणाची बस चालवतो ते माझ्या नोंदीत नाही, त्याचा फोन बंद आहे आणि त्याने घरही बदलले आहे.

आणि उद्या दुपारी मला बंद करणार आहेत! नवीन सिस्टीम आली आहे, त्याच बड्या कंपनीची. "जुन्या नोंदी नंतर बघू," असे बसवणारे म्हणाले. त्याच जुन्या नोंदींत ताई सकाळपासून त्याच्या आडनावाची माणसे शोधत आहेत. कुणी आई, कुणी भाऊ कधी औषध न्यायला आला असेल, या आशेवर.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही माझ्यासारख्या सिस्टीम विकत घ्याल. तेव्हा तिची काळजी घेणारे माणूसही नेमा. नियम बदलला, कंपनी विकली गेली, की त्याच दिवशी तिची चौकशी करा. वर्षानुवर्षे अर्ज बाजूला ठेवून मग तिच्या नावाने खडे फोडू नका.

मला बंद करायचे तर करा, मी अडवू शकत नाही. पण ताई आत्ता चौदावा नंबर फिरवत आहेत. तो माणूस कुठेतरी रोज बस चालवत असेल आणि त्याला यातले काही माहीत नाही. त्याला फोन लागेपर्यंत माझ्या बटणाला कुणी हात लावू नका.