देवीला वाटून टाकणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जे सांगणार आहे ते सांगताना मान वर होत नाही.

आंध्रातल्या तेनालीच्या लोहाराने मला घडवलं आणि फिरत्या सिनेमाच्या तंबूत मी कोटिलिंगम ऑपरेटरच्या हाती आले. फिल्म तुटली की फाटकी कड मी कापायची, त्याने जोडायची. कालव्याकाठच्या गावांतून आम्ही हिंडत असू. माझं काम नेटकं, म्हणून तो मला तिळाचं तेल लावून जपे.

त्या वर्षी एका लोककथेवरचा सिनेमा आला. मांत्रिकाने एका कोळ्याच्या पोरीच्या आईला दगड केलेलं असतं. तिच्यासाठी ती पोर तळ्याच्या तळाशी जाते आणि शेवटी पाण्यातून देवी वर येते. देवी दिसली की लोक तंबूतच कापूर लावत. खेळ संपला की बायका कोटिलिंगमला गाठत. देवीचं एवढंसं चित्र दे, देव्हाऱ्यात ठेवते, म्हणत. त्याला नाही म्हणवेना; फिल्मवरचं एक चित्र त्याने माझ्याकडून कापून दिलं. एक चित्र गेल्याने पडद्यावर काही कळतही नाही. बायकांनी मला कुंकू लावलं आणि मी फुगून गेले. मग गावोगावी कुठे दोन, कुठे पाच. ते दृश्यच मुळी चार सेकंदांचं, जेमतेम शंभर चित्रांचं. देवी आटत चालली होती हे मला कळत होतं, पण कुंकवाची चटक लागली होती.

एका गावी मंगतायारू अव्वा नावाची आजी आली. हीच गोष्ट तिने जन्मभर पोरांना सांगितलेली. एक डोळा गेलेला, दुसरा अधू. तो मिटण्याआधी देवी एकदा पाहायची, एवढ्यासाठी ती बैलगाडीतून आली होती. लोकांनी तिला पुढे वाळूवर बसवलं.

तोवर आठ चित्रं उरली होती. देवी वीज चमकावी तशी आली आणि गेली. तरण्या डोळ्यांना दिसली, त्यांनी हात जोडले. अव्वा मात्र पडद्याकडे बघतच राहिली.

चाचपडत ती कोटिलिंगमपाशी आली. "नायना, बाळा, देवी आली का रे? मला नाही दिसली."

"आली की अव्वा. तुमचा डोळा लागला असेल जरा."

"झोपायला एवढ्या लांब आले होय मी?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "मलाच तोंड दाखवायचं नसेल तिला."

दुसऱ्या दिवशी कोटिलिंगम मला खिशात घालून तिच्या अंगणात गेला. पोरं गोष्ट मागत होती आणि ती म्हणत होती, "आता नको रे. जिने मला दर्शन दिलं नाही, तिची गोष्ट कुठल्या तोंडाने सांगू?"

कोटिलिंगमने मला तिच्या हातावर ठेवलं. "अव्वा, देवी आली होती. मीच तिला कापून कापून वाटून टाकलं. काल खोटं बोललो."

तिने माझ्या धारेवरून बोट फिरवलं. "एवढीशी तर आहे," ती म्हणाली. तिने मला त्याच्या हाती परत दिलं. मग तिने पोरांना जवळ बसवून गोष्ट सुरू केली. गोष्ट तळ्यापाशी आल्यावर ती थांबली. "इथून तू सांग. तू पाहिलंयस."

कोटिलिंगमने सांगितलं, जमेल तसं. पोरं खूश झाली. पण अव्वाला देवी दिसली नाही ती नाहीच.

मित्रांनो, जे सगळ्यांचं आहे त्यातला तुकडा कुणी कितीही प्रेमाने मागितला, तरी कापून देऊ नका. ज्याचा वाटा जातो, तो त्या वेळी समोर नसतो.