पासष्ट इंची पैज

हरणाऱ्यानं डोक्यात टीव्हीचं खोकं घालायचं, कॉलनीच्या गेटसमोर स्टुलावर बसायचं आणि अर्धा तास टीव्ही व्हायचं. येणाऱ्याजाणाऱ्यानं नाक दाबलं की चॅनल बदलायचा, कान पिळला की आवाज वाढवायचा. रायपूरच्या तेलीबांधा तळ्याजवळच्या एका कॉलनीत शनिवारी संध्याकाळी ही पैज लागली, आणि लावली अर्थातच शिरीष देवतळेनं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्याचे केस पिकले, पन्नाशी उलटली, पण अंगातली खोडी काही रिटायर व्हायला तयार नव्हती.

निमित्त झालं सोसायटीच्या हॉलमधल्या टीव्हीचं. जुना टीव्ही अर्ध्या पडद्यावर हिरवा पडला होता, म्हणून नवा घ्यायचा होता. अध्यक्ष नरहरीकाका, म्हणजे रिटायर्ड मालगाडी गार्ड, यांनी मीटिंग बोलावली. आणि मीटिंग म्हटलं की स्वानंद खानझोडे आलाच.

हा स्वानंद मूळचा अमरावतीचा पोट्टा. चार वर्षं पुण्यात काय राहिला, आईशीसुद्धा पुणेरी बोलायला लागला. आता नवा रायपूरमध्ये कुठल्याशा कंपनीत सल्ले द्यायचा पगार घेतो, आणि घरी आल्यावर तेच सल्ले फुकट वाटतो. महिन्याभरापूर्वी त्यानं स्वतःला पासष्ट इंची टीव्ही घेतला, तेव्हापासून तर कोणी लिफ्टमध्ये "कसं काय?" विचारलं तरी उत्तर हर्ट्झमध्ये येई.

"पंचाहत्तर इंच, मिनी एलईडी, दीड हजार निट्स, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ," स्वानंद मीटिंगमध्ये म्हणाला. "याच्या खाली काही बघूच नका."

"निट्स म्हणजे काय रे भाऊ?" नरहरीकाकांनी विचारलं.

"ब्राइटनेस, काका. तुमचा जुना सेट अडीचशे निट्सचा. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही अंधारातच बघत बसला होतात."

पस्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवा दिवा हलवणाऱ्या माणसाला हे कार्टं अंधार शिकवत होतं! म्हाताऱ्यांना हवं होतं काय, तर बातम्या, संध्याकाळचं भजन आणि ऐकू येईल असा आवाज. ते मागायचीही त्यांना लाज वाटायला लागली. शिरीषचं डोकं तिथंच सटकलं.

"स्वानंद," तो म्हणाला, "तुह्या घरच्या टीव्हीचा उजेड मी एका मिनिटात वाढवून दाखवतो. रिमोटले हात नाही लावत. तूच मोज, तुह्याच मोबाइलवर."

"सेटिंगमध्ये न जाता? इम्पॉसिबल, शिरीषकाका. ते पॅनल आहे, कंदील नाही वात वर करायला."

"मंग लाव पैज. जितन तो हॉलचा टीव्ही निवडन. हरन तो टीव्ही बनन."

स्वानंदनं टाळी दिली. शिरीषच्या मनात लाडू फुटले, कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी स्वानंदला ठाऊक नव्हती.

महिन्याभरापूर्वी टीव्हीची पूजा झाली, तेव्हाची गोष्ट. स्वानंदच्या आईनं, वनमालाकाकूंनी, टीव्हीसमोर नारळ फोडला आणि पडद्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. शिरीष फूल वाहायला वाकला तर त्याच्या नखाला कोपऱ्यात कड लागली. कंपनीनं पडद्यावर लावलेलं दुधाळ प्लास्टिक जसंच्या तसं होतं. त्यात नवल काही नव्हतं. काकूंच्या घरात सात वर्षांच्या फ्रिजवरही प्लास्टिक होतं, रिमोट पॉलिथिनमध्ये होता, सोफ्यावर चादर, चादरीवर दुसरी चादर. टीव्ही लावायला आलेल्या माणसाला त्यांनी बजावलं असणार, राहू द्या हो भैया, धूळ बसते. आणि त्याच वेळी स्वानंद टीव्हीकडे पाठ करून पाहुण्यांना सांगत होता, "हे मॅट फिनिश बघा. रिफ्लेक्शन झीरो."

शिरीषनं महिनाभर हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. असा माल लगेच खर्च करायचा नसतो.

रविवारी अकराला स्वानंदच्या हॉलमध्ये अर्धी कॉलनी जमली. स्वानंदनं पडदे ओढले होते. स्टँडवर मोबाइल, त्यात उजेड मोजायचं ॲप, टीव्हीवर पांढरंशुभ्र चित्र थांबवलेलं. पठ्ठ्यानं कागदावर नियमही लिहून आणले होते. नरहरीकाका गार्डाचं जुनं घड्याळ घेऊन पंच म्हणून बसले.

शिरीष बाह्या सावरत आत आला आणि दारातच थबकला. टीव्ही लखलखत होता.

"काय काका, दिपले ना डोळे?" स्वानंद म्हणाला. "परवा अपडेट आलं. कंपनीनं पॅनलचं कॅलिब्रेशन सुधारलंय. ब्लॅक बघा, कॉन्ट्रास्ट बघा! मी इंटरनेटवर लांबलचक रिव्ह्यूही टाकला."

"टाइम सुरू," नरहरीकाका म्हणाले.

शिरीषनं उजव्या कोपऱ्यात नख घातलं. काच. डावा कोपरा. काच. वरचे कोपरे चाचपले, कडेकडेनं बोटं फिरवली, तळवा घासला. कुठंच काही सुटेना.

"काका, टीव्ही आहे, म्हैस नाही. चोळून दूध नाही द्यायची."

सगळा हॉल हसला. शिरीषची बायको सुजाता तर सगळ्यात मोठ्यांदा. मोबाइलवरचा आकडा जागचा हलला नाही.

"टाइम झाला," नरहरीकाका म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, पण गार्ड तो गार्ड. "शिरीष, सिग्नल लाल."

"काका, याच्यावर प्लास्टिक होतं! कंपनीचं! मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं!"

"प्लास्टिक?" स्वानंद एवढा हसला की त्याला टेकावं लागलं. "मी रोज चार तास हा टीव्ही बघतो. माझ्या टीव्हीवर प्लास्टिक असतं तर मला कळलं नसतं? तुमच्यासारख्यांना प्लास्टिक काय आणि मॅट काय, सारखंच. बरं, सगळ्यांनी ऐका! उद्याच हॉलसाठी पंचाहत्तर इंचीची ऑर्डर देतोय."

शिरीषनं सावरलेल्या बाह्या खाली केल्या. पुरावा कुठं होता?

सुजाताच्या टोमण्यांपासून पळायला, आणि पाच वाजताच्या शिक्षेसाठी खोकं शोधायला, शिरीष गच्चीवर गेला. टाकीमागे कोणाच्या तरी बत्तीस इंची टीव्हीचं रिकामं खोकं पडलं होतं. ते उचलतो तोच हाक आली.

"शिरीष, आलाच आहेस तं कावळा हाकल जरा!"

वनमालाकाकू डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसल्या होत्या. पुढ्यात कुरडया. ओळीनं, गोल गोल, पांढऱ्या. आणि कुरडयांखाली एक लांबरुंद, बिनसुरकुतीचं, दुधाळ प्लास्टिक. एका कोपऱ्याला कुंकवाचा डाग.

शिरीष खोकं छातीशी धरून वाकला आणि त्यानं त्या डागावरून बोट फिरवलं.

"काकू, हे कुठलं?"

"टीव्हीवरचं. परवा काढलं, तो ऑफिसले गेला तेव्हा. असं बिनसांध्याचं पॉलिथिन साऱ्या गोलबाजारात भेटत नाही पाह्य. एका पसाऱ्यात अडीच किलोच्या कुरडया मावल्या." त्यांनी आवाज खाली आणला. "स्वानंदले नको सांगू हं. त्याले समजलंच नाही अजून. ओरडन उगाच, वॉरंटी गेली म्हणून."

"नाही सांगत, काकू. आईची आण, स्वानंदले एक शब्द नाही सांगत."

आणि शिरीष शब्दाला पक्का माणूस. कावळा हाकलून तो खाली उतरला तेव्हा चक्क शीळ घालत होता. निकाल फिरवून मागायचं त्याच्या मनातही आलं नाही. नरहरीकाकांनी एकदा लाल दिला की लाल. पण शिक्षा भोगायला अर्धा तास होता, आणि अर्ध्या तासात किती बातम्या बसतात!

पाचला गेटसमोर मेळा भरला. वॉचमन, दूधवाला, समोरचा गुपचुपवाला, म्हणजे आपला पाणीपुरीवाला, ठेला सोडून आला. शिरीष खिडकी कापलेलं खोकं डोक्यात घालून प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. स्वानंद सगळ्यांत पुढे, व्हिडिओ काढायला मोबाइल सरसावून.

तिसऱ्या मजल्यावरच्या पिंकीनं पहिलं नाक दाबलं. "अंकल, न्यूज लगाओ!"

"नमस्कार," खोक्यातून आवाज आला. "ठळक बातमी. तेलीबांधा येथील एका टीव्ही तज्ज्ञाच्या पासष्ट इंची पडद्यावर कंपनीचं प्लास्टिक महिनाभर तसंच चिकटून होतं. तज्ज्ञ त्याले मॅट फिनिश म्हणत होते. परवा त्यांच्या मातोश्रींनी ते सोलून काढलं, तं तज्ज्ञ म्हणाले, अपडेट आलं. अपडेट सध्या आमच्या गच्चीवर वाळून राहिलं असून त्याच्यावर अडीच किलो कुरडया आहेत."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग गुपचुपवाल्याला कळलं, आणि तो जो हसला त्यामागून सगळेच.

"खोटं आहे!" स्वानंद ओरडला आणि त्यानं पुढे होऊन शिरीषचं नाक दाबलं.

"नमस्कार भगिनींनो, आज आपण कुरडया करणार आहोत. साहित्य, तीन दिवस भिजवलेला गहू, मीठ, आणि एक मिनी एलईडी."

पुन्हा नाक.

"आता हवामान. खानझोडे यांच्या दिवाणखान्यात महिनाभर दाट धुकं होतं. कोणाले दिसलं नाही, कारण तज्ज्ञ समोर उभे होते."

"आई!" स्वानंदनं गर्दीत आई शोधली. "सांग ना यांना!"

वनमालाकाकू मागे कुरडयांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "काय सांगू बाबा? काढलं मीच. पण शिरीष, तू तं आण घेतली होती!"

"काकू, मी स्वानंदले कुठं सांगितलं? मी देशाले सांगून राहिलो!"

स्वानंदच्या हातातला मोबाइल अजून रेकॉर्ड करत होता. तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही. दीड हजार निट्सवाला चेहरा पार विझला होता.

नरहरीकाका काठी टेकत पुढे आले. "स्वानंद, पैज तू जिंकला. हॉलचा टीव्ही तूच निवडायचा. सांग, कोणता मागवू?"

गेटसमोरच्या साऱ्या माना स्वानंदकडे वळल्या. पिंकीसुद्धा थांबली.

"तुम्हीच... तुम्हीच ठरवा, काका," स्वानंद पुटपुटला. "मला जरा काम आहे."

"बरं. त्रेचाळीस इंच, आवाज मोठा. हाच ठराव." काकांनी घड्याळ पाहिलं. "स्वानंद, जाऊ नको. शिक्षा पूर्ण झाल्याची सही तुही लागन. शिरीष, अजून एकवीस मिनिटं बाकी आहेत."

"काका, आता कायची शिक्षा? सगळ्यांले समजलं ना!"

"हरला तो हरला. बस खाली."

तोवर सुजातानं पदर खोचून लोकांना रांगेत उभं केलं होतं, आणि रांगेत पहिली तीच होती. बावीस वर्षांत नवऱ्याचं बटण पहिल्यांदाच तिच्या हाती आलं होतं. तिनं त्याचं नाक असं दाबलं की खोकं हललं.

"माह्या माहेरच्या चांगल्या बातम्या लाव!"

"वर्धा," शिरीष गेंगाण्या आवाजात म्हणाला. "वर्ध्याच्या माणसांसारखी माणसं..."

"ऐकू येत नाही," नरहरीकाका म्हणाले. त्यांनी खोक्यात हात घालून त्याचा कान धरला आणि गार्डाच्या डब्यातला हातब्रेक फिरवावा तसा करकचून पिळला.

"वर्ध्याच्या माणसांसारखी माणसं जगात नाहीत!" शिरीष बोंबलला, आणि आवाज तळ्यापर्यंत गेला.