वालुसिंबींना दोनदा काढलं

पायाला प्लास्टर घालून मी घरी आले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं पाहिलं. भाड्याच्या मोटारसायकलवरून बोडावाल्यानं मला नालोंगोच्या दुकानासमोरच उतरवलं आणि हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

आमच्या गल्लीचं मुन्नो मुकाबी, म्हणजे अडीनडीला धावून येणारं, मंडळ आहे. सभासद आजारी पडला, की तिसऱ्या दिवशी बाकीच्या बाया मटोके केळी, साखर, साबण घेऊन दारात हजर. पण यादीत नाव हवं. ती यादी दाखवणारं इंटरनेटवरचं पान मीच फुकट बनवून दिलंय आणि भिडेखातर स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी घातलंय.

तिसरा दिवस गेला. पाचवाही गेला. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! फोन करून 'या हो मला बघायला' म्हणणाऱ्यातली मी नाही. एका पायावर उभी राहून मक्याचा शिळा पोशो खाल्ला आणि भिंतीला शिव्या दिल्या.

नवव्या दिवशी नालोंगोचा फोन आला. मंडळाची अध्यक्ष तीच.

"नाम्पीजा, नवी सभासद घालायचीय. पानावर कुठे दाबू गं?"

"माझा पाय मोडलाय, नालोंगो."

"पाहिलं ना."

"पाहिलंत, मग आला का नाहीत?"

"तूच नाव काढून घेतलंस ना यादीतून? चार महिने झाले. आम्ही म्हटलं, शिकलेली बाई, तिला कशाला हव्यात आपल्या टोपल्या."

मी लॅपटॉप ओढला. माझं नाव खरंच नव्हतं.

"शेवटचं कुणाला काढलंत?"

"वालुसिंबी आजोबांना. ते गेले तेव्हा मी काढलं. मग सेक्रेटरीनंही काढलं, तिच्या फोनवर जुनंच पान उघडं होतं. मेलेल्याला दोनदा काढलं तर काय बिघडतंय?"

बिघडतं. मी लिहिलं होतं: नाव कितव्या जागी आहे ते शोध, त्या जागेवरचं काढ. नाव सापडलं नाही, की ज्या भाषेत पान लिहिलंय ती जावास्क्रिप्ट 'उणे एक' असं उत्तर देते. आणि काढणारी आज्ञा उणे एकचा अर्थ घेते, शेवटून पहिला. दुसऱ्या वेळी वालुसिंबी सापडले नाहीत, म्हणून मी गेले. आपलेच दात, आपलेच ओठ. 'सापडलं तरच काढ' एवढी एक ओळ मी विसरले होते.

ती घातली, नाव परत जोडलं आणि नालोंगोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?"

"रागावले होते. पण नऊच दिवस."

ती हसली. "चार महिन्यांत एकदाही यादी उघडून पाहिली नाहीस होय गं?"

नव्हती पाहिली. कुणा आजाऱ्याकडे टोपली घेऊन जायचंच नव्हतं मला.

"आज चारला येतो," ती म्हणाली. "अकराजणी."

लंगडत जाऊन मी पलंगाखालची पाहुण्यांची चटई ओढून काढली. दुकानदारानं बांधलेली सुतळी अजून तशीच होती. या घरात मला सहा वर्षं झाली. कात्री शोधता शोधता मला रडू फुटलं.