दगडाखालची चिठ्ठी

आई जाऊन महिना झाला नाही तोच ताईने सहलीची यादी करायला घेतली, आणि नातेवाइकांनी नाकं मुरडली. यांपैकी एकालाही नऊ वर्षांत आईची कूस बदलायला यावंसं वाटलं नव्हतं. ताईने ती दर दोन तासांनी बदलली होती. त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी वेळेआधी सोडली, लग्नाचं तर नावच काढलं नाही. आता तिला एकदाच, आयुष्यात एकदाच, आपल्या झाडाकडे जायचं होतं.

झाड म्हणजे खरं तर दगड. लाखो वर्षं मातीत गाडलं जाऊन दगड झालेलं खोड नऊ वर्षांपूर्वी एका कोरड्या नाल्याच्या काठावर तिला दिसलं होतं. त्याच्या पोकळीत अकीक, झिलई घेणारा रंगीत दगड, भरला होता, निळसर, एकात एक कडी असलेला. तिने थुंकी लावून बोटाने पुसला आणि ती तिथेच मातीत बसून राहिली. तिच्या हातात तेव्हा लहान हातोडीशिवाय काही नव्हतं. सालीचा नखाएवढा टवका तेवढा तिने आठवण म्हणून काढला, खोडावर माती ओढली आणि वर तीन गोटे रचले. ज्याला सापडलं त्याचं, आणि रचलेल्या गोट्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा दगड जमवणाऱ्यांचा कायदा. जागा तिने फक्त धाकट्या भावाला सांगितली. गाडी त्याच्याकडे होती, आणि त्याला हे दगडांचं वेड लावलंही तिनेच होतं. पुढच्या महिन्यात दोघांनी जायचं ठरलं. त्याआधीच आई अर्धांगाचा झटका येऊन न्हाणीघरात पडली, आणि टवका ताईच्या पाकिटात राहिला तो राहिलाच.

यादी मोठी झाली. पहार, दोन छिन्न्या, हातोडा, जाड हातमोजे, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं, गोणपाट, गुडघ्याखाली घ्यायला उशी. शिवाय पाण्याची फवारणीची बाटली, कारण कोरडा दगड तोंड उघडत नाही, ओला केला की रंग सांगतो. घोडं अडलं ते भावापाशी.

"नाल्याला पाणी असेल गं," तो फोनवर म्हणाला.

"कोरडा नाला आहे, बाळ्या."

दोन दिवसांनी रस्ता खचला असल्याचं त्याच्या कानावर आलं. कुणाकडून, ते त्याला आठवेना. मग तो म्हणाला, "इतक्या वर्षांत कुणी नेलंही असेल."

"वर तीन गोटे आहेत. कोण नेईल?"

त्याने काम आहे म्हणत फोन ठेवला. ताईला त्याचा राग आला नाही. आईच्या आजारपणातही तो असाच होता, उंटावरून शेळ्या हाकणारा. गादी कुठली घ्यावी, औषध कधी द्यावं, सगळं फोनवर सांगायचा. त्याच्या स्वभावाला औषध नाही, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी ती पहार आणायला त्याच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा. पुढच्या खोलीत तो एका डॉक्टरशी फोनवर बोलत होता. कुणाची तरी वरची कवळी सैल बसत होती, आणि चूक आपली नाही, माप घेणाऱ्याची आहे, हे तो पटवून देत होता. एका हातात दात धरूनच त्याने तिला बसायची खूण केली.

"पहार मागे असेल ना? घेते मी," म्हणत ती आत गेलीसुद्धा. तो जोरजोरात मान हलवत होता, ते तिने पाहिलंच नाही.

मागच्या खोलीत ती आईच्या आजारपणात एकदाही आली नव्हती. इथे एरवी कवळ्या घासणारं चाक सुट्टीच्या दिवशी दगड घासायचं. फळीवर प्लास्टरच्या डब्यांशेजारी कागद पडू नयेत म्हणून दोन बाजूंना दोन टेकू लावले होते. एका खोडाचे मधोमध कापलेले दोन अर्धे भाग. कापलेल्या बाजूला आरशासारखी झिलई, मध्ये निळसर कडी. बाहेरची साल मात्र खडबडीत, जशीच्या तशी. साल कधी घासायची नाही, झाड होतं याचा पुरावा तेवढाच उरतो, हे त्याला तिनेच शिकवलं होतं.

सालीवर नखाएवढी एक खाच होती. ताईने पाकिटातून टवका काढला आणि खाचेत ठेवला. तो तिथे असा बसला की सांधा दिसेना.

तिने तो अर्धा भाग आडवा केला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. नोंद नसलेला दगड म्हणजे नुसता खडा, हेही तिचंच वाक्य, आणि बाळ्या शिष्य म्हणून इमानदार निघाला होता. चोरी केली, पण नोंद चोख ठेवली. नाल्याचं नाव होतं, काठ कुठला ते होतं आणि तारीख होती.

तारीख ताईला पाठ होती. त्या सकाळी आई पडली होती आणि तिने त्याला फोन केला होता. "गाडी गॅरेजमध्ये आहे, ताई. मेकॅनिक संध्याकाळी देतो म्हणालाय," असं तो म्हणाला होता. टॅक्सी मिळायला दीड तास गेला. तासभर आधी आणलं असतं तर उजवी बाजू वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले होते. नऊ वर्षं ताईने कधी न पाहिलेल्या त्या मेकॅनिकला शिव्या घातल्या होत्या.

बाळ्या दारात येऊन उभा राहिला.

"मी सांगणारच होतो, ताई."

"कधी?"

"आई जरा बरी झाली की."

तिने चिठ्ठीवरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"फोन आला तेव्हा मी तिकडेच होतो," तो म्हणाला. "निघालो असतो तरी पोचायला तीन तास. म्हटलं, टॅक्सी मिळेल तुला. खरं सांगितलं असतं तर तू तिथे काय करतोयस म्हणून विचारलं असतंस." मग घाईने म्हणाला, "दोन्ही भाग घेऊन जा. तुझंच आहे ते. मी घरी आणून पोचवतो."

सख्खा भाऊ इतका परका वाटू शकतो, हे तिला माहीत नव्हतं. तिला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण दरवर्षी वाढदिवसाला ती त्याला एक दगड देत आली होती.

तिने खाचेतला टवका काढून पाकिटात ठेवला. मग यादी काढली आणि टेबलावरच्या पेन्सिलीने पहार खोडली, छिन्न्या खोडल्या, हातोडा, गोणपाट, वर्तमानपत्रं, फवारणीची बाटली, सगळं खोडलं. उशी तेवढी ठेवली.

"उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन ये," ती म्हणाली.

"आता कशाला? तिथे काय राहिलंय?"

"खड्डा राहिलाय. आई नऊ वर्षं कशापायी पडून होती, ते मला बघायचंय. आणि तूच दाखवायचंस." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "ते तीन गोटे कुठे फेकलेस, तेवढं आठवून ठेव."