शेजारच्या सीटवरून

मिस्त्रीच्या गॅरेजात गाड्यांपेक्षा प्रश्नच जास्त यायचे. "ब्रेक मारला की एका बाजूला का ओढते?" "खड्ड्यात गेली की मागून खट् का वाजतं?" मिस्त्रीला प्रश्नांचा कंटाळा नव्हता. चाळीस वर्षं त्याने गाड्यांच्या पोटाखाली काढली होती. स्प्रिंगा, शॉकअप, स्टीअरिंग, चाकांचं अलाइनमेंट. इंजिनाला तो हात लावत नसे. "छातीचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा. मी हाडांचा," असं म्हणायचा. शिवाय त्याचं एक मत होतं, की गाडीवाला अर्धंच सांगतो आणि उरलेलं अर्धं टायर सांगतात.

त्याला एकच लेक, चिमी. दीड वर्षापूर्वी तिचं लग्न झालं, आणि सहा महिन्यांत जावयाने मोठी काळी एसयूव्ही घेतली. गाडी घेतली ती थेट सासऱ्याच्या गॅरेजासमोर आणून उभी केली.

"बाबा, हिला दोन इंच उचलायचंय," जावई म्हणाला.

"कशाला हो? आपले रस्ते बरे आहेत."

"दिसायला भारदस्त वाटते."

मिस्त्रीने समजावलं. उंची वाढली की गाडीचा तोल वर जातो. सरळ रस्त्यावर कळत नाही, वळणावर कळतं. कंपनीने स्प्रिंग बसवली ती काही डोळे मिटून नाही बसवली. जावयाने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि हसून विचारलं, "म्हणजे बरोबर किती वेगाला उलटेल?"

"असा आकडा नसतो. टायर, रस्ता, आत किती माणसं, सगळ्यावर आहे."

"दोन माणसं धरा."

मिस्त्रीला वाटलं, पोरगा चौकस आहे. त्याने अंदाज सांगितला. जावयाने तो मोबाइलमध्ये टिपून घेतला.

जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला नाही कसं म्हणायचं? मिस्त्रीने लांब स्प्रिंगा बसवल्या. महिन्याभराने रुंद टायर आले. मग जावयाने दुसरीकडून इंजिनाची ताकद वाढवून आणली आणि पुन्हा विचारायला आला, की आता पिकअप जोरात आहे, पण वेगात लेन बदलली की मागचा भाग डुलतो, त्याला काय करता येईल? मिस्त्रीने डुलणं रोखणारी जाड दांडी, अँटीरोल बार, सुचवली. ती बसवली त्या दिवशी जावई खूश होऊन म्हणाला, "आता माझ्या मनासारखी वळते. अगदी शेवटच्या क्षणाला."

मिस्त्रीलाही बरं वाटलं. कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

घरी मिस्त्रीची बायको जावयाचं नाव निघालं की कौतुकाने सांगायची, "पोरीला ऑफिसात रोज तोच सोडतो, तोच आणतो. बसचे धक्के नाहीत की काही नाही." चिमी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. आधी ती संध्याकाळी वाट वाकडी करून आईकडे चहाला यायची. आता येणं बंद झालं होतं, कारण सुटायच्या वेळी गाडी ऑफिसच्या दारात थांबलेली असायची.

मग तिचे फोन सुरू झाले. दुपारी यायचे, गॅरेजच्या नंबरावर. चिमीने जन्मात कधी गाडीबद्दल विचारलं नव्हतं. लहानपणी ग्रीसचा वास आला की नाक दाबून पळायची. आणि आता विचारत होती.

"बाबा, गाडी जोरात असताना दार उघडतं का?"

"लॉक असतं. का गं?"

"सहज."

पुढच्या आठवड्यात विचारलं, "ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त जागा लागते ना?" त्यानंतर पुन्हा एकदा फोन आला. मागे नळ चालू होता. मग म्हणाली, "बाबा, शेजारच्या सीटवरून गाडी थांबवता येते का?"

मिस्त्री अशा प्रश्नावर खुलायचाच. नव्या गाडीत हँडब्रेकचं बटण मध्ये असतं, हे त्याने नीट सांगितलं. ते ओढून धरून ठेवायचं, सोडायचं नाही, मग गाडी आपणच चारही चाकांना ब्रेक लावते. एकदम ओढून सोडलं तर काही होत नाही.

"ओढून धरायचं," ती हळूच म्हणाली. "किती वेळ?"

"थांबेपर्यंत. ड्रायव्हिंग शिकतेस की काय?"

"हो. म्हणजे, बघू."

रात्रीच्या जेवणाला त्याने हे बायकोला सांगितलं, जरा ऐटीतच. म्हणाला, बापाची लेक आहे, उशिरा का होईना वळणावर आली. बायकोचा वाढता हात थांबला.

"शेजारच्या सीटवरून कशाला थांबवायचीय तिला?" ती म्हणाली.

"अगं, सहज विचारलं."

"चिमीने सहज कधी काही विचारलंय? ताप आला तरी दोन दिवस सांगायची नाही ती."

मिस्त्रीने विषय टाळला, पण घास काही गोड लागला नाही.

चार दिवसांनी जावई गाडी घेऊन आला. पुढून आवाज येतो म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली. पहिल्यांदा टायर पाहिले. बाहेरची कड अशी सोललेली होती, जशी वळणं वेगात कापणाऱ्या गाडीची सोलते. ब्रेकच्या चकत्यांवर निळी झाक होती, म्हणजे तापून तापून जळाल्या होत्या. शहरात ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीच्या या खुणा नव्हेत. पुढचं चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट सैल झाला होता, आवाज त्याचाच. पण मिस्त्रीचं मन तिथे थांबलं नाही. त्याने गाडी खाली घेतली आणि दार उघडलं.

ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चिमीचा पांढरा रुमाल पडला होता. दारावरची पकडायची मूठ एका बाजूने उचकटून लोंबत होती. त्याने वाकून पायाखाली पाहिलं. पायपुसण्याची रबरी मॅट उजव्या पायाच्या चवड्याखाली झिजून आरपार गेली होती. खालचा गालिचाही दबून चकाकत होता.

ड्रायव्हरच्या बाजूला झीज असते, तिथे पायाला काम असतं. या बाजूला ना ब्रेक, ना क्लच. इथे बसलेलं माणूस पाय का रोवेल? आणि एकदा नव्हे, दोनदा नव्हे, मॅटला भोक पडेपर्यंत?

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

जावई चहा पिऊन आला. "सापडला का आवाज?"

"चालवून ऐकावं लागेल," मिस्त्री म्हणाला. "द्या चावी."

"मी चालवतो ना, बाबा. तुम्ही शेजारी बसा."

भर दुपारची वेळ होती. गावाबाहेरच्या दगडखाणीकडे जाणारा रस्ता मोकळा असतो, जावई तिकडेच वळला. सुरुवातीला गाडी शांतपणे चालली होती. जावई गोड बोलत होता. हेडलाइट बदलावेत का, छतावर कॅरिअर लावला तर फरक पडेल का? मिस्त्री हं हं करत होता. मग त्याने विचारलं, "चिमी बरी आहे ना?"

"बरी आहे. जरा उलट बोलायची सवय आहे तिला. तुम्ही एकुलती म्हणून लाडावलीत." जावई हसला. "पण गाडीत बसली की शहाण्यासारखी वागते."

"म्हणजे?"

जावयाने पाय दाबला. गाडीचा आवाज चढला. खाणीचे ढीग दोन्ही बाजूंनी मागे पळू लागले. पुढे रस्ता डावीकडे मोडत होता, आणि त्या मोडणीवर लोखंडी कठडा होता, त्याच्या पलीकडे खाणीचा खड्डा.

"आवाज येतोय का, बाबा?"

"जरा हळू घ्या."

"मी काय विचारलं? आवाज येतोय का?"

बॉल जॉइंट खडखडत होता. मिस्त्रीला तो तळपायातून कळत होता. "येतोय," तो म्हणाला.

"नीट ऐका." वेग आणखी वाढला. जावयाचा चेहरा अगदी शांत होता, एखाद्याला गणित शिकवावं तसा. "नीट ऐकून सांगा."

मिस्त्रीचा उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि खाली रुतला. मॅटच्या भोकात. कठडा जवळ आला, त्यावरचा रंगाचा पोपडासुद्धा दिसला. या गाडीला किती वेगात काय होईल, हे जगात मिस्त्रीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती उंची त्याच्याच हातची होती.

"नाही येत," तो ओरडला. "नाही येत आवाज! नाही!"

जावयाने लगेच पाय काढला. गाडी मोडणीवरून टायर किंचाळवत वळली आणि सरळ झाली.

"बघा," जावई म्हणाला, "मी म्हणालोच नव्हतो का, ही माझ्या मनासारखी वळते?"

मिस्त्री साठ वर्षांचा माणूस, पण भीतीने खोटं बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याच सुटकेची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. माझी पोर इथे बसून काय काय कबूल करत असेल?

गॅरेजात आल्यावर तो खाली उतरला. आवाज त्याने धंद्याचा ठेवला.

"बॉल जॉइंट गेलाय. चाक निखळेल. दोन दिवस गाडी इथे राहू द्या, पार्ट मागवावा लागेल."

जावयाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आत्ता तर आवाज येत नाही म्हणालात."

"कानाने नाही येत," मिस्त्री म्हणाला. "हाताला कळतो. हलवून बघा चाक."

मिस्त्रीने जॅक लावून चाक उचललं, आणि जावयाने वाकून ते हलवलं. ते खरोखरच हललं. खरं कारण हाताशी असल्याचा मिस्त्रीला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. जावई चावी ठेवून गेला. तो दिसेनासा होताच मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवली, चारही चाकं काढली आणि आतल्या खोलीत कुलूप लावून ठेवली.

त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी नाही म्हणजे उद्या जावई आठलाच निघेल. ती साडेनऊला."

सकाळी सव्वाआठला दोघं आपली जुनी व्हॅन घेऊन चिमीच्या दारात उभी राहिली. चिमीने दार उघडलं. आईबापांना तिथे पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही, भीती वाटली. तिने त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी कुठे आहे?"

"लिफ्टवर," मिस्त्री म्हणाला. "चाकं काढलीत."

"चारही?"

"चारही."

चिमी उंबऱ्यातच खाली बसली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "मी ते बटण ओढून बघितलं होतं, बाबा. एकदा. थांबली गाडी." आईचा हात धरून ती म्हणाली, "पण मग घरी यायचं होतं ना."

आईने तिला उठवलं, आणि कपाट उघडून पिशवीत कपडे भरायला घेतले. दहा मिनिटांत ती तिघं बाहेर पडली.

जावई तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला आला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मिस्त्रीने गाडी दाखवली. नवा जॉइंट, आणि कंपनीच्या मूळच्या स्प्रिंगा. आपण बसवलेलं सगळं मिस्त्रीने उतरवलं होतं.

"मी हे सांगितलं नव्हतं," जावई म्हणाला.

"नव्हतं सांगितलं. माझं होतं ते मी काढून घेतलं."

"ती आहे कुठे?"

"घरी आहे. तिथेच राहणार."

जावई हसला, गाडीत बसला आणि काच खाली करून म्हणाला, "स्प्रिंगा काय, कुठेही बसवून मिळतात, बाबा."

चिमीने पोलिसांत तक्रार दिली. मिस्त्रीनेही जबाब दिला. त्यात त्याने आपणच गाडी उचलून दिली, आपणच आकडा सांगितला, हेही लिहून घ्यायला लावलं. लिहिणारा म्हणाला, याची गरज नाही काका. मिस्त्री म्हणाला, लिहा. वकील झाला, तारखा पडू लागल्या. कधीकधी दुपारी काळी गाडी समोरच्या टपरीपाशी येऊन उभी राही, इंजिन चालू ठेवून, आणि अर्ध्या तासाने निघून जाई. चिमी बसने ऑफिसला जाऊ लागली. पहिले काही दिवस आई सोबत जायची, मग ती एकटी जायला लागली. मिस्त्री मात्र बस सुटेपर्यंत थांब्यावर उभा राहायचा.

सात-आठ महिने गेले. एका रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका गॅरेजवाल्याचा फोन आला. जुना ओळखीचा माणूस होता. चिमी शेजारी बसून पेपर वाचत होती, फोन स्पीकरवर होता.

"मिस्त्री, एक काळी एसयूव्ही आलीय," तो म्हणाला. "मालक म्हणतो, तुम्ही आधी उचलली होती. किती इंच उचलली होती? मला त्याच मापाच्या स्प्रिंगा हव्यात."

मिस्त्रीने विचारलं, "सोबत कोण आहे त्याच्या?"

"एक पोरगी आहे. उतरली नाही, गाडीतच बसलीय. का हो?"

मिस्त्रीने चिमीकडे पाहिलं. तिने पेपरची घडी केली, उठली आणि खुंटीवरची ओढणी घेतली.

"त्यांना म्हणावं, माप शोधायला वेळ लागेल," ती म्हणाली. "तासभर गाडी सोडू नका. आणि पत्ता विचारा."

"चिमे, तिथे तो असेल."

"माहितीय." ती पायात चपला सरकवत होती. "तुम्ही त्याच्याशी स्प्रिंगांचं बोला, बाबा. मला तिच्याशी बोलायचंय."

मिस्त्रीने पत्ता लिहून घेतला आणि व्हॅनची चावी उचलली.