सावलीतला युवराज

विट्याच्या कॉलेजात कीर्ती मॅडमनी एकांकिका बसवायला घेतली ती सयाम, म्हणजे आजचा थायलंड, आणि ब्रह्मदेशाच्या लढाईवर. शेजारशेजारची दोन राज्यं, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली. सयामचा राजपुत्र लहानपणी ओलीस म्हणून ब्रह्मदेशाच्या राजवाड्यात राहिला, तिथल्या युवराजाबरोबर वाढला. पुढे, चारशे वर्षांपूर्वी, हेच दोघे हत्तींवरून एकमेकांसमोर उभे ठाकले. युवराज झाडाच्या सावलीत थांबलेला बघून आता राजा झालेल्या त्या राजपुत्रानं त्याला द्वंद्वाला हाक मारली आणि ठार केलं, अशी तिकडे आख्यायिका आहे.

राजा झाला मल्हार, युवराज झाला यशराज. दिवाळीपासून दोघांत बोलणं बंद आहे, हे मॅडमच्या गावीही नव्हतं.

पाचवीपासून दोघे एकाच बोर्डिंगात राहिलेले. मल्हारचे वडील कोंडीबा दरसाल आटपाडीहून मेंढरं घेऊन कडेगावकडे उतरायचे, ते यशराजच्या चुलत्याच्या, नाथाजीच्या रानात लेंडीखतासाठी कळप बसवायला. यंदा दिवाळीत मेंढरं उसात शिरली. नाथाजीनं कोंडीबाला बांधावर पाडून काठीनं असं झोडपलं, की खांदा निखळला. मल्हार धावत पोचला तेव्हा यशराज बाभळीखाली उभा होता. पुढे झाला नाही की तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पहिल्या वाचनालाच मल्हार भूमिका सोडून जाणार होता. मग ते सावलीचं वाक्य आलं. ते वाचलं आणि तो थांबला.

प्रयोग कडेगावातच होता. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून नाथाजी हार घालून बसला होता. राखाडी कापड टाकलेल्या टेबलांचे हत्ती समोरासमोर आले. पुठ्ठ्याच्या झाडाखाली यशराज, हातात लाकडी भाला. मल्हारनं संहितेतलं वाक्य म्हटलंच नाही.

"माझ्या बापाला तुझा चुलता मारत हुता," तो म्हणाला, "तवा तू बाभळीच्या सावलीला उभा हुतास. आता ये भाईर."

प्रेक्षकांना आधी ते नाटकच वाटलं. मग मागच्या रांगांत एकेक करून माना उंचावल्या. सगळे नाथाजीकडे बघू लागले.

मल्हारला वाटलं होतं, यशराज चिडेल, अंगावर येईल. तसं झालं असतं तर त्यानं खरंच हाणला असता. यशराज टेबलावरून उतरला, झाडापासून पुढे आला, भाला खाली टाकला आणि घाव न लागताच स्टेजच्या फळ्यांवर आडवा झाला. डोळे मिटले. मल्हार भाला उगारून तसाच उभा राहिला. पायाशी पडलेल्याला मारायचं कसं, ते त्याला सुचेना. त्या न सुचण्याचाच त्याला जास्त राग आला. नाथाजी हार काढून निघून गेला आणि कुणीतरी पडदा ओढला.

त्यानंतर कडेगावच्या शिवारात कोंडीबाला कुणी कळप बसवू देईना. जखडलेल्या खांद्यानंच त्यानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं. मल्हार मदतीला गेला तेव्हा कोंडीबा एवढंच म्हणाला, "तू चांगलं केलंस का वाईट, मला कळत न्हाई. पर हितलं रान आता आपल्याला बंद झालं."

यशराजला नाथाजीनं घरातून काढलं. तो विट्याच्या एसटी स्टँडवर मल्हारला गाठून म्हणाला, "मी भ्यालो हुतो, मल्हार. काकाला लय भितो मी."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"भ्यालास म्हणून राग न्हाई. नंतर कवा आमच्या पालावर आला न्हाईस. बापाचा खांदा कसा हाय, एकदा तरी इचारलंस?"

आटपाडीची गाडी लागली. मल्हार चढला आणि यशराज उभा होता त्या बाजूची खिडकीची जागा रिकामी असूनही पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.